आईनं वाचलेले टक्के

२ मार्च

हॉस्पिटलचं पत्र आलं. मशीनला तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळा तेच, त्याच थंड आवाजात — 'वीस तारखेपासून टंकलेखनाचं सर्व काम नव्या प्रणालीवर होईल. जुन्या संगणकांवर ती उघडणार नाही.'

एकोणीस वर्षं मी त्यांच्या डॉक्टरांची बडबड ऐकतेय आणि टाइप करतेय. घरबसल्या. खोकत, जांभया देत, मध्येच नर्सला हाका मारत बोललेलं सगळं मी सरळ करून देते. नवव्या वर्षापासून मला दिसत नाही, पण या कामात ते कधी आड आलं नाही. मशीन पडद्यावरचा शब्द न् शब्द बोलून दाखवतं, मी ऐकते, बोटं चालतात. एवढंच तर आहे.

पण मशीन तेरा वर्षांचं. कंपनीनं चार वर्षांपूर्वीच हात वर केले. अपडेट विचारलं की एकच उत्तर, 'या मॉडेलसाठी नवी आवृत्ती उपलब्ध नाही.' नवं मशीन या वर्षी जमणार नाही, तो विषय संपला.

दादाला फोन केला, हीच चूक. तो वाटच बघत होता जणू. "काम सुटलं तर सरळ माझ्याकडे या दोघी. आईचे डोळे आहेत म्हणून तुम्हाला तिथं राहू देतोय, नाहीतर कधीच उचलून आणलं असतं." उचलून! मी काय गादी आहे? मागे चार महिने राहिलेय मी त्याच्याकडे. वहिनी चांगली आहे, फारच चांगली. सुरी हातात घेऊ द्यायची नाही, गॅसजवळ जाऊ द्यायची नाही, चहा हातात आणून द्यायची आणि कप रिकामा झाला की काढून घ्यायची. चार महिन्यांत मी भांडंसुद्धा घासलं नाही. वेड लागायची पाळी आली होती.

इथं दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आई आणि मी. इथून मी हलणार नाही.

३ मार्च

बिनतारीला सगळं सांगितलं. तो आमच्या फोनवरच्या ग्रुपमधला — न दिसणाऱ्या पण कॉम्प्युटर वापरणाऱ्या माणसांचा ग्रुप. पूर्वी जहाजावर बिनतारी संदेश पाठवायचा, म्हणून हे नाव. डोळे गेले ते निवृत्तीनंतर. खरं नाव कुणालाच माहीत नाही, त्यालाही आठवत नसावं.

तो म्हणाला, "रडू नकोस. तेरा वर्षांच्या मशीनवर नवी सिस्टिम बसते. मी स्वतः चार बसवल्यात."

मी उडालेच! कंपनी नाही म्हणते आणि हा हो म्हणतो! तर म्हणे एक फुकटचा प्रोग्राम आहे. काही हौशी लोकांनी मिळून केलेला. मशीन सुरू होतानाच तो पुढे होतो आणि नव्या सिस्टिमला सांगतो की बाई, हे मशीन तरुण आहे, तू बिनधास्त आत ये. मग आत आल्यावर जुन्या पडद्याला, जुन्या आवाजाला, जुन्या वायफायला जे चालत नाही तिथं तिथं ठिगळं लावतो. बिनतारी त्याला ठिगळच म्हणतो. मीही तेच म्हणणार. वय चोरणारी माणसं खूप ऐकलीत, वय चोरणारं मशीन पहिल्यांदाच.

४ मार्च

बिनतारीचा निरोप बावीस मिनिटांचा! त्यातले चार खोकण्यात गेले. बाकीचं इथं टोचून ठेवते. ब्रेलमध्ये लिहिलेलं या घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, पण मला बोटाखाली हवं.

आधी पूर्ण बॅकअप. नुसता घ्यायचा नाही, उघडून तपासायचा. बॅकअपची डिस्क मग काढून कपाटात. ती मशीनला लावलेली असताना बाकी कशालाही हात लावायचा नाही.

आपोआप होणारे अपडेट बंद. मशीननं आपल्या मनानं नवी सिस्टिम घेतली आणि ठिगळ जुनं राहिलं, की संपलं.

नवी आवृत्ती आली म्हणून पहिल्या दिवशी उडी मारायची नाही. ठिगळवाले 'आता चालेल' म्हणेपर्यंत थांबायचं. मग आधी ठिगळ नवं करायचं, मगच सिस्टिम. उलट केलं तर मशीन उठतच नाही.

अडचणीसाठी एक पेनड्राइव्ह तयार ठेवायचा, त्यावरून मशीन उठवता येतं.

आणि शेवटचं. अपडेट झालं की सगळी ठिगळं गळून पडतात, पुन्हा लावावी लागतात. तोवर वायफाय नाही, आवाज नाही! म्हणून इंटरनेटची तार जोडायची आणि तारेचा हेडफोन लावायचा, तो ठिगळाशिवाय बोलतो. "पण सिस्टिम उठेपर्यंत तोही मुका," बिनतारी म्हणाला. "मधला अर्धा-पाऊण तास तुला कुणी डोळस माणूस लागेल. शेजारी बसव आणि पडद्यावरचं वाचायला सांग. सगळं झालं तरी आवाज आला नाही, तर दहा मिनिटं थांबून बटण दाबून धर. पण झालं असेल तरच. मध्येच बंद केलंस तर तूच जबाबदार!"

५ मार्च

आपोआप अपडेट चालूच होतं! तेरा वर्षं चालू! तपासलं नसतं तर काय झालं असतं! बंद केलं. दोनदा खात्री केली.

बॅकअपला सहा तास लागले. पहिली उघडली ती माझी पोतडी. अकरा हजार चारशे बत्तीस लघुरूपं, एकही गहाळ नाही.

पोतडी म्हणजे माझी सगळी कमाई आहे. 'रसा' टाइप केलं की 'रक्तदाब साधारण' उमटतं. 'झोना' म्हणजे 'रुग्णाला झोप नीट लागत नाही'. एकोणीस वर्षं एकेक जमवत गेले. कुठला डॉक्टर काय म्हणतो, कसं म्हणतो, कुठे गिळतो, सगळं त्यात आहे. म्हणून तर मी डोळसांपेक्षा दुप्पट वेगानं काम देते. पोतडी नसेल तर मीही चार बायकांसारखीच, आणि मग हॉस्पिटलच्या मॅडमनी मलाच का ठेवावं?

ती त्या डिस्कवर सुखरूप आहे. आज शांत झोपेन.

७ मार्च

ठिगळवाल्यांचं 'थांबा' चालूच. बिनतारी म्हणतो थांब. सगळं जग मला थांब म्हणतंय आणि वीस तारीख धावत येतेय.

९ मार्च

ठिगळ आलं! उतरवलं, उघडलं — आणि मशीन काय बोललं? "बटण. बटण. बटण. बटण." बस्स! करणाऱ्यांनी बटणांना नावंच दिलेली नाहीत. डोळ्यांना दिसत असतील, कानांना नाहीत. मी टेबलावर मूठ आपटली.

आई आतून आली. "काय झालं?" सांगितलं. खालच्या मजल्यावरची शिवणवाली गावाला गेलीय, वरचे म्हातारे चिडके. कुणाला बोलवू?

"मी आहे ना," आई म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"

खरंच, मला सुचलंच नव्हतं! आई शहात्तर वर्षांची, कॉम्प्युटरला ती 'तुझं ते खोकं' म्हणते. पण शाळेत शिकवलंय तिनं, वाचायला काय जातंय.

खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, "आई, पेनड्राइव्ह तयार करायचाय. यादी येईल."

"काय काय दिसायला हवं? ते सांग आधी, म्हणजे मला शोधायला बरं."

शिक्षिका ती शिक्षिकाच! मी सांगितलं — नावं दिसतील, एकाखाली एक. एक पेनड्राइव्हचं, 'अडचण' असं मी ठेवलंय. एक 'पोतडी', ती बॅकअपची मोठी डिस्क. कारण आज सकाळी चार दिवसांचं काम तिच्यावर चढवत होते आणि ती जोडलेलीच राहिली होती. आत्ता हे लिहिताना जीभ चावली. नियम मोडला मी! पण आई होती शेजारी.

"वर कुठलं आहे?" मी विचारलं.

"अडचण."

"नक्की?"

"अगं बाई, मला काय वाचता येत नाही का!"

मी वरचं निवडलं. पुढे आणखी एक "बटण" आलं, तिनं 'हो' आहे म्हणून सांगितलं. चाळीस मिनिटांत काम झालं. दोन्ही काढून कपाटात ठेवले. आईला म्हटलं, तुला नोकरीवर ठेवते. ती हसली नाही. म्हणाली, "डोकं दुखलं बाई. पडते जरा."

११ मार्च

सकाळी आई पेपर वाचून दाखवते, रोजचा नेम. आजची मोठी बातमी सात वाजता रेडिओवर लागली होती तीच. मी म्हटलं, यात नवीन काय? तर म्हणे, पेपरवाल्यांनाच नवीन काही सुचत नाही, त्याला मी काय करू!

बिनतारीचा निरोप — शनिवारी कर.

१४ मार्च

ब्रेलचा टोचा धरवत नाहीये. तरी लिहिते.

अकराला सुरुवात. आधी नवं ठिगळ, आई शेजारी, सुरळीत. तार जोडली, हेडफोन लावला. मग सिस्टिम. मशीन स्वतः सांगत होतं, दहा टक्के, वीस टक्के. शंभर झाले. "मशीन पुन्हा सुरू होईल." आणि गप्प झालं.

ही शांतता मला सांगितली होती, पाठ होती, तरी घाबरले. तेरा वर्षांत ते कधी इतका वेळ गप्प नव्हतं.

"आई, काय दिसतंय?"

"काळं आहे."

"आणि?"

"आणि… काय असायला हवं गं?"

"मध्ये कंपनीचं चिन्ह असेल. खाली टक्के."

"हां. आहेत. बारा."

मला हायसं वाटलं. आई मटार सोलायला घेऊन बसली होती. शेंग फुटायची, दाणे टपटप पडायचे आणि मध्ये मध्ये ती सांगायची. "अठरा… पंचवीस… तीसवर अडकलंय मेलं… हां, सरकलं." मी कपाळाला हात लावून ऐकत होते. एका क्षणी म्हणाली, "एकसष्ट. निवृत्त व्हायला हरकत नाही." दोघी हसलो. मला वाटलं, किती दिवसांनी आम्ही दोघी असं काही एकत्र करतोय.

अडीच वाजता ती म्हणाली, "शंभर! झालं गं बाई एकदाचं!"

आवाज नाही. दहा मिनिटं थांबले. घड्याळ बोटानं तपासलं. "आई, अजून शंभरच आहे?" "शंभरच." पंधरा मिनिटं झाली. मग बिनतारीनं सांगितलं तसं बटण दाबून धरलं. आतला पंखा थांबला. पुन्हा दाबलं.

काही नाही. ना आवाज, ना हेडफोन.

अडचणीचा पेनड्राइव्ह लावला. "आई, चिन्हांची रांग दिसतेय? त्यात 'अडचण' आहे?" "आहे." उजवा बाण, एंटर. काही नाही. डावा बाण, एंटर. काही नाही! तिसऱ्या वेळी आईचा आवाज बारीक झाला होता. "तेच दिसतंय, तू म्हणतेस तेच."

बिनतारीचा फोन बंद. मी खोलीत फेऱ्या मारतेय. मशीनवर हात ठेवला तर गार.

१५ मार्च

सकाळी पुन्हा करून पाहिलं. मुकं.

१६ मार्च

मशीन, पेनड्राइव्ह, बॅकअपची डिस्क, सगळं पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. काठी माझ्या हातात आणि आई माझ्या दंडाला धरून. गुडघे दुखतात म्हणते.

दुरुस्ती करणारी एक बाई आहे, माझ्याच वयाची असावी, तोंडानं फटकळ. पण हात हुशार, स्क्रू काढण्याच्या आवाजावरूनच कळलं. आई बाहेर बाकावर बसली.

तासाभरानं दुरुस्तीवाली म्हणाली, "ताई, सिस्टिम अर्धीमुर्धी बसलीय. मध्येच बंद केलंत तुम्ही."

"शक्यच नाही. शंभर टक्के झाल्यावर, वर पंधरा मिनिटं थांबून बंद केलं."

"शंभर टक्के? कुठे?"

"पडद्यावर. आई वाचत होती."

तिनं हातातलं अवजार खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो, या पडद्यावर टक्के येतच नाहीत. आकडा नसतोच. नुसती पांढरी पट्टी असते, हळूहळू भरणारी."

मला कळेचना. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आकडा नसतोच! मग बारा कुठले? एकसष्ट कुठले? निवृत्त व्हायला हरकत नाही — हसले होते मी त्याच्यावर! मी काउंटरची कड घट्ट धरली.

"आणि पेनड्राइव्ह कोरा आहे," ती म्हणाली. "सिस्टिम बसवायचं सामान या मोठ्या डिस्कवर गेलंय. ती पूर्ण पुसून मग बसवलंय. आधीचं काहीच नाही तिच्यावर."

"पोतडी?"

"काय?"

तिनं पाणी दिलं. मशीनमधली डिस्कही वाचता येत नव्हती. ती म्हणाली दोन दिवस द्या, प्रयत्न करते. तिच्या आवाजावरूनच कळलं काय ते.

अकरा हजार चारशे बत्तीस. एकोणीस वर्षं.

१६ मार्च, संध्याकाळी

घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. दार लावलं आणि विचारलं, "टक्के कुठून आणलेस?"

ती चपला काढत राहिली.

"तिथे टक्के नव्हतेच, आई. एकही आकडा नव्हता. वर अडचण होतं की पोतडी होतं?"

"मला वाटलं… अडचण."

"वाटलं? वाचलंस की वाटलं?"

मग मी बोलले ते इथं लिहून ठेवते, म्हणजे मलाच ते पुन्हा वाचावं लागेल. म्हटलं, "दोन धडधाकट डोळे आहेत तुला. मला असते ना, तर कुणाची एक ओळसुद्धा चुकू दिली नसती! तुला आहेत आणि तू मटार सोलत बसलीस!"

तिनं पदर ओढल्याचा आवाज आला. रडली असेल. मी आत निघून गेले.

१८ मार्च

दोन दिवस बोलणं नाही. ताट वाढते, सरकवते, जाते. मीही जेवते आणि उठते.

डोक्यात नको ते येतंय. वय झालं, भ्रम होतोय का तिला? पण बाकी सगळं तर ठणठणीत आठवतं. मग दुसरंच मनात आलं. तिला दादाकडे जायचंय का? इथं कंटाळलीय, तोंडानं म्हणवत नाही, म्हणून माझं काम सुटावं असं तिनंच… मुद्दाम?

आईबद्दल मी हा विचार केला! माझाच मला धक्का बसला. पण केला, हे खरं.

दुपारी दुरुस्तीवालीचा फोन. डिस्कमधून काहीही निघालं नाही. नवी डिस्क टाकून, सगळं क्रमानं पहिल्यापासून बसवणार.

१९ मार्च

मॅडमना खरं ते सांगितलं. तीस तारखेपर्यंत मुदत दिली. "पण पूर्वीचा वेग हवा," म्हणाल्या. "नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही." पोतडीशिवाय पूर्वीचा वेग? हो म्हटलं. नाही म्हणून जायचं कुठे? दादाकडे?

बिनतारी अखेर सापडला, पाच दिवस दवाखान्यात होता बिचारा. सगळं ऐकून आधी खोकला. मग म्हणाला, "बावीस मिनिटं बोललो मी. डोळस माणूस जवळ बसव म्हटलं. त्याला नीट दिसतं का ते आधी तपास, एवढं म्हणायला हवं होतं. एखादं पाकीट त्याच्या हातात द्यायचं आणि वाचायला लावायचं. पाव मिनिटाचं काम."

मी म्हटलं, तिचे डोळे उत्तम आहेत हो, लक्ष नव्हतं. तर "असेल," म्हणाला.

२० मार्च

वीस तारीख आली आणि गेली. मशीन दुकानात, मी घरात.

जुनी लघुरूपं आठवून ब्रेलमध्ये टोचायला घेतलीत. आठवून आठवून चारशे दहा झाली. बोटं सुजली. आईनं न बोलता गरम पाण्याचं भांडं आणून ठेवलं, बोटं शेकायला. ठेवताना टेबलाच्या कडेला आपटलं, अर्धं सांडलं. मी म्हटलं, "बघून ठेव ना जरा!" चार दिवसांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

२१ मार्च

दुरुस्तीवालीचा फोन — "ताई, बोलायला लागलं!" फोन मशीनपाशी नेऊन धरला तिनं. तोच थंड आवाज! मला रडूच फुटलं. आधी ठिगळ, मग सिस्टिम, मग पुन्हा ठिगळं, सगळं जिथल्या तिथे. उद्या दुकान बंद करून घरी आणून देते म्हणाली.

आईला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. मग जरा थांबून, "तुझं काम राहील ना गं? आपण इथंच राहू ना?" मग मुद्दाम केलं नव्हतं तर! मनातल्या मनात मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग टक्के का? विचारायचं धाडस झालं नाही.

२२ मार्च

दुरुस्तीवाली साडेसातला आली. दारातच थांबली. "ताई, दिवा लावता का? मला पाऊल टाकता येईना." मी भिंतीवरचं बटण दाबलं. "नाही लागला." आतल्या खोलीतलं तिनं स्वतः चाचपून दाबलं, मग न्हाणीतलं. फोनचा उजेड घेऊन मीटरपाशी गेली. "प्लगला वीज आहे, दिव्यांचा फ्यूज उडालाय. आत्ताचा नाही हो, याच्यावर जाळी धरलीत. किती महिने अशा राहताय?"

स्वयंपाकघरात आई कांदा चिरत होती. मी दाराशी गेले.

"आई, दिवा लावलायस ना?"

"लावलाय की. कधीचाच."

मी भिंतीवरचं बटण चाचपून दोनदा खटखट दाबलं. सुरी थांबली. ती हळूच म्हणाली, "दादाला सांगू नकोस."